जपानची बेल

अरविंद,

आज सकाळी पावणेआठला बेल वाजली. मी चहा गाळत होते. गाळणं तसंच पातेल्यात सोडून दाराशी गेले आणि उघडलं. कोणी नव्हतं. समोरच्या हंसाबेनच्या दाराबाहेर नातीच्या चपला, जिन्यावर कोणाच्या तरी पिशवीतून ठिबकलेलं दूध, खालून लिफ्टचा आवाज. तू सांगितलं होतंस तशी दार धरून थोडा वेळ उभी राहिले. मग लावलं आणि परत आले. चहा पार काळा झाला होता.

तुला जाऊन आज सतरा दिवस झाले. पाहुणे पांगले, ऋता अजून इथेच आहे. बेल मी काल संध्याकाळी पुन्हा चालू केली. का केली ते तुला सांगायचंय, पण तिथवर यायला मला जरा वेळ लागेल. तू माझं बोलणं मध्येच तोडायचास. आता ऐक.

लोक भेटायला आले की विचारायचे, अरविंदचं ते जपानचं काय होतं? मला धड सांगता यायचं नाही. उत्तर जपानमधलं साप्पोरो, तिथली एक छोटी गॅलरी, सात जणांचं मिळून प्रदर्शन. एवढं ऐकून माना डोलायच्या. मग प्रश्न यायचा, चित्रं कसली होती? चित्रं नव्हती हो. एका बाईने रोज सकाळी भिंतीवर पेन्सिलीने एक ओळ लिहायची आणि संध्याकाळी ती खोडायची. खाली खोडरबराचा चुरा साठत जातो, ते तिचं काम. एकाने आपल्या आईच्या ओट्याची उंची भिंतीवर नुसती रेघ मारून दाखवलेली. आणि आमच्या ह्यांनी मीरा रोडच्या पेणकरपाड्यातल्या आमच्या घराच्या बेलचं बटण उपटून तिकडे नेऊन लावलेलं. इथवर आलं की गिरगावचे तुझे काका माझ्याकडे असे बघायचे, जणू दुःखाने माझ्या डोक्यावर परिणाम झालाय.

तर ते बटण. पंचवीस वर्षं आपल्या दाराला होतं ते, कडेने पिवळं पडलेलं. तिथे पांढऱ्या भिंतीवर ते एकटं, आणि वर एक साधा दिवा. गॅलरीत आलेल्या माणसाने बटण दाबलं की इथे मीरा रोडला आपली बेल वाजणार. घरात जे कोण असेल त्याने उठून दार उघडायचं. दार उघडलं की तिकडे दिवा लागणार, लावलं की विझणार. कॅमेरा नाही, आवाज नाही, किती जणांनी दाबलं त्याची मोजदाद नाही. हाटकेशच्या दुरुस्तीवाल्या शकीलभाईंनी आपल्या दाराला नवं बटण लावलं, चौकटीला दार उघडलं-लागलं ते ओळखणारी पट्टी बसवली, इंटरनेटचा डबा जोडला आणि जाताना मला हळूच म्हणाले, "भाभी, सर ठीक तो हैं ना?"

आपलं पहिलं भांडण बेलच्या आवाजावरून. मी म्हटलं, जपानसाठी वेगळा आवाज ठेव, म्हणजे मला कळेल. तू म्हणालास, "मग त्यात काय राहिलं? बेल वाजली की माणूस उठतो, नीला. कोण आहे ते माहीत नसताना उठतो. माझं काम म्हणजे ते उठणं. बटण नाही, दिवा नाही." मी म्हटलं, "उठायचं मी आणि काम तुझं?" तू हसलास. दोन्हीकडच्या बेलचा आवाज तोच राहिला.

दुसरं भांडण त्या पाटीवरून. कामाशेजारी पाटी असते, कशाचं केलंय ते लिहिलेली. तू लिहून पाठवलंस: साहित्य – बेलचं बटण, दिवा, नीला. मला ते फोटोत दिसलं. मी काय साहित्य आहे? तीस वर्षं शाळेच्या ऑफिसात फायली सांभाळल्या, ऋताला वाढवलं, तुझ्या आईचं सगळं केलं, आणि आता बटण, दिवा आणि मी एका ओळीत. आठवडाभर मी तुझ्याशी कामापुरतं बोलले. तू म्हणत राहिलास की अगं, त्या सात जणांत एकाच्याही पाटीवर माणूस नाही, हा मान आहे. मला तो मान तेव्हा कळला नाही. थोडा नंतर कळला, पण तुला सांगितलं नाही.

कळला तो उद्घाटनाच्या दिवशी. तू तिकडे, मी इथे. सकाळी साडेआठला बेल वाजली. पहिलीच. मी चांगली साडी नेसून बसले होते, कोणाला दिसणार नव्हती तरी. दार उघडलं, उभी राहिले, लावलं. पाच मिनिटांत तुझा फोन. म्हणालास, "नीला, मी होतो तो. दिवा लागला गं." साठीला आलेला माणूस परक्या देशात भिंतीसमोर उभा राहून रडत होता, आजूबाजूला सगळे जपानी. मी म्हटलं, नाक पूस आणि ठेव फोन, लोक बघतायत. फोन ठेवल्यावर मी परत एकदा दार उघडलं. कोणी बेल वाजवली नव्हती. नुसतंच उघडलं, तुला दिवा दिसावा म्हणून.

तू चार दिवसांनी परत आलास आणि मग आपण दोघं त्या बेलचे नोकर झालो. सकाळी साडेसात ते दुपारी साडेतीन. तिकडची वेळ साडेतीन तास पुढे, हे मला झोपेतही पाठ झालं. कधी तासभर सामसूम, कधी ओळीने सहा वेळा. एखादा खोडकर माणूस तीन-तीनदा दाबायचा. हंसाबेनने एकदा मला रिकाम्या जिन्याकडे बघत उभी असलेली पाहिलं. "नीलाबेन, किसको देखती हो?" मी म्हटलं, जपान से आया है कोई. त्या गंभीरपणे म्हणाल्या, "तो बाहर क्यूँ खड़ा रखा है, अंदर बुलाओ, चाय पिलाओ." तू हे ऐकून टाळ्या वाजवल्यास आणि सगळं साप्पोरोला कळवलंस. तिथे मिहो नावाची मुलगी गॅलरी सांभाळते, तिने उत्तर पाठवलं की हंसाबेनना सगळं समजलंय.

आता त्या गुरुवारचं.

सकाळी मी चिडलेले होते. अंघोळ अर्धी टाकून दोनदा दाराशी जायची पाळी आदल्याच दिवशी आली होती. तुला म्हटलं, बस झालं तुझं कलाप्रकरण. तू मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होतास. शांतपणे म्हणालास, "उघडावंसं वाटलं नाही तर नको उघडू. दिवा लागला नाही, तेही कामच." मी म्हटलं, "ठीक आहे. आज मी एकदाही उठणार नाही." तू वर बघितलंस, डोळ्यांत हसू. "बघू," म्हणालास. मग पिशवी घेऊन कोपऱ्यावर उत्तनची कोळीण बसते तिच्याकडे बोंबील आणायला गेलास. किल्ली खिळ्यालाच राहिली.

एकला दहा कमी असताना बेल वाजली. मी पोळ्या लाटत होते. उठले नाही. पुन्हा वाजली. मी लाटणं चालू ठेवलं. तिसऱ्यांदा वाजली ती जरा लांब. एरवी तू एकदाच दाबायचास. प्रदर्शन सुरू झाल्यापासून मात्र मुद्दाम निरनिराळी दाबायचास, मला ओळखू येऊ नये म्हणून. कधी दोनदा, कधी चारदा, आणि मी उघडलं की दात काढून उभा. मी स्वतःशी म्हटलं, जपान असेल नाहीतर हा असेल. हा असेल तर हाक मारेल. तू हाक मारली नाहीस. मी तव्यावरची पोळी उलटली.

वीस मिनिटांनी हंसाबेन दारावर थापा मारायला लागल्या. "नीलाबेन, खोलो, जल्दी खोलो, अरविंदभाई..." मी दार उघडलं तसा तू आत आलास. दाराला टेकून बसला होतास.

डॉक्टर म्हणाले, मोठा झटका होता. वेळेवर आणलं असतं तर, असं कोणीतरी विचारायला लागलं, तेव्हा ते कागद भरायला लागले. आणि मग सगळ्यांनी मला विचारलं, बेल ऐकू आली नाही का? मी म्हटलं, मिक्सर चालू होता. एकदा म्हटलं आणि मग तेच म्हणत राहिले. तुझ्या काकांना, शाळेतल्या बायकांना, ऋताला. ऋताने मला कवेत घेतलं. "मिक्सरचा आवाज केवढा असतो आई, तू काय करणार होतीस?"

मिक्सर चालू नव्हता, अरविंद. बेल मी तीनही वेळा ऐकली. हे तेव्हा मी कोणालाही सांगितलं नाही. मला फक्त एक कळायला हवं होतं, त्या तीन बेलांमधल्या किती तुझ्या होत्या. सगळ्या जपानच्या असतील तर तू बटणापर्यंत पोचलाच नव्हतास आणि माझ्या हातात काही नव्हतं. एक जरी तुझी असेल, तर होतं.

मग तेरा दिवस दार उघडंच होतं. आपल्याकडे सुतकाच्या घरी कोणी बेल वाजवत नाही, तुला माहीत आहे. दार लोटलेलंही नसतं. माणसं चपला काढतात, आत येतात, बसतात, उठून जातात. तुझ्या जागी पीठ पसरून दिवा ठेवला होता. तुला असलं काही आवडत नसे, पण आत्याबाईंपुढे कोणाचं चालतं? दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजायला लागली. दारात कोणी नाही आणि बेल वाजतेय. बसलेल्या बायका चरकल्या, एकीने तर रामरक्षा सुरू केली. ऋताने उठून बेलचा स्विच बंद केला. चौकटीवरच्या पट्टीची आठवण कोणालाच राहिली नाही.

नवव्या दिवशी तुझ्या मोबाईलवर मिहोचं पत्र आलं. ऋताने वाचून दाखवलं. मिहोने लिहिलं होतं, आठ दिवस दिवा विझलेलाच नाही, गॅलरी उघडण्याआधीपासून लागलेला असतो. लोक बटण दाबत नाहीत, नुसते दिव्यासमोर उभे राहतात. एका आजीबाईंनी विचारलं, इतके दिवस दार उघडं कोण ठेवतं? काही बिघाड आहे का, ते अरविंद-सानना कृपया विचारावं.

त्यांना कळवायचंच राहून गेलं होतं. ऋता तुझ्या पिठातल्या दिव्याकडे बघत राहिली आणि मग माझ्याकडे. आम्ही दोघी खूप रडलो. तेवढं मोकळं रडणं त्या नऊ दिवसांत पहिलंच. तू असतास तर तुला किती आनंद झाला असता, हा विचार आला आणि मग तुझा भयंकर राग आला. तुझं सगळ्यात चांगलं काम तू नसताना, आपोआप, आत्याबाईंच्या आणि काकांच्या चपलांमुळे झालं होतं.

ऋताने सगळं लिहून पाठवलं. गॅलरीचं उत्तर आलं, अतिशय अदबीचं. प्रदर्शन अजून महिनाभर आहे, काम इथेच थांबवायचं की चालू ठेवायचं, हे नीला-सान यांनी ठरवावं, कारण पाटीवर त्यांचं नाव आहे.

मी काहीच ठरवू शकत नव्हते. तेरावं झालं, दार लावून घेतलं आणि घर एकदम गप्प झालं. त्या गप्प घरात मला बेल ऐकू यायची. बंद केलेली बेल. दोन छोट्या, एक लांब. कुकर लावताना, कपडे वाळत घालताना. मी धावत जाऊन दार उघडायची. हंसाबेनने दोनदा पाहिलं आणि आता जपानचं काही विचारलं नाही. त्यांच्याबद्दल तुला एक सांगायचं राहिलं. तुझी पिशवी जिन्यात पडली होती, बोंबील बाहेर आलेले. मासळीच्या वासाने दार लावून घेणाऱ्या हंसाबेन. त्यांनी ते हाताने गोळा केले आणि जिना धुतला. मला हे शकीलभाईंकडून कळलं.

शेवटी चौदाव्या दिवशी ऋता बाजारात गेलेली असताना मी तुझा मोबाईल घेतला आणि माझ्या ऑफिसातल्या इंग्रजीत मिहोला लिहिलं. एवढंच विचारलं, त्या गुरुवारी तुमच्याकडे चार वाजून वीस मिनिटांनी कोणी बटण दाबलं होतं का? कारण लिहिलं नाही. उत्तर तासाभरात आलं. "हो. मीच दाबलं होतं. गॅलरीत कोणी नव्हतं, मला एकटं वाटत होतं. तीनदा दाबलं. तुम्हाला त्रास झाला असेल तर माफ करा."

मी ते दहा वेळा वाचलं. मग स्वयंपाकघरात जाऊन उभ्याउभ्या वरणभात खाल्ला, वाटीभर दही खाल्लं. त्या दुपारी झोपले ती दिवेलागणीलाच उठले. ऋता म्हणाली, आई, तुझा चेहरा जरा माणसात आलाय. दोन दिवस मी अशी होते. तुझ्या शर्टांच्या घड्या केल्या. तुझ्याशी मनातल्या मनात साधंसुधं बोलले.

काल दुपारी मला मिहोचं ते पत्र पुन्हा वाचायचं होतं. तिची पत्रं शोधता शोधता मागे गेले आणि त्या गुरुवारचं पत्र सापडलं. सकाळी आठला आलेलं, तू वाचलेलं. लिहिलं होतं: रात्रभर प्रचंड बर्फ पडलंय, रस्ते बंद आहेत, आज गॅलरी उघडणार नाही. आज तुमची बेल वाजणार नाही, विश्रांती घ्या. आणि खाली तुझं उत्तर: "छान. नीलाला सांगत नाही. दिवसभर वाट बघेल आणि चिडेल. संध्याकाळी तिचा चेहरा बघतो."

बघू, म्हणाला होतास. डोळ्यांत हसू होतं.

तीनही बेला तुझ्या होत्या. आणि मिहोला माहीत होतं की मला माहीत नाही. मी फक्त दिवस आणि वेळ विचारली, आणि त्यावरून त्या पोरीने ओळखलं की मी काय विचारतेय. कधी न पाहिलेल्या बाईसाठी ती खोटं बोलली, आणि वर माफीही मागितली.

किती रागावले मी तुझ्यावर! तुझी बॅग कपाटावरून खाली ओढली, त्यातले तुझे कागद फेकले. सांगायला काय झालं होतं? एक वाक्य. आज सुट्टी आहे गं, एवढं म्हणाला असतास तर पहिल्याच बेलला मी उठले असते. तुला माझी गंमत बघायची होती. आणि मला तुला धडा शिकवायचा होता. दोघांनीही आपापलं केलं. मला तुला माफ करता येईल असं वाटतं, आज ना उद्या. तू मला करशील का, हे विचारायला जागा नाही.

ऋता आवाज ऐकून आली. मी कागदांमध्ये बसले होते. मीच म्हटलं, "ऋता, मिक्सर चालू नव्हता."

ती माझ्याशेजारी खाली बसली. "माहितीये आई."

"काय माहितीये?"

"मिक्सर घरात नव्हताच. शकीलभाईंकडे रिपेअरला होता. बाबांनीच दिला होता आदल्या आठवड्यात. मी बाराव्याला जाऊन आणला ना."

मला खरंच आठवत नव्हतं. बारा दिवस मी घरभर लोकांना ज्या मिक्सरचा आवाज सांगत होते, तो हाटकेशच्या गाळ्यात उघडून पडला होता. वाटण हंसाबेनच्या मिक्सरवर होत होतं, आणि हंसाबेन माझ्यासमोर बसून माझ्या मिक्सरची गोष्ट ऐकून मान हलवत होत्या. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. एकीनेही माझा शब्द खाली पडू दिला नाही.

मी ऋताला सगळं सांगितलं. तीन बेला, पोळी, तुझं "बघू". मला वाटलं, आता ही उठून जाईल आणि तिने जायलाच हवं. ती म्हणाली, "मला तुझा राग येतोय. बाबांचाही येतोय. पण मी पुण्याला इतक्यात जात नाहीये." मग तिने कागद गोळा केले.

संध्याकाळी मी बेल चालू केली आणि मिहोला लिहिलं. काम चालू ठेवा, प्रदर्शन संपेपर्यंत. गुरुवारच्या बर्फाचं मला कळलंय हे लिहिलं नाही. तिने दिलेलं तिला परत करायचं माझ्या जिवावर आलं. फक्त तुझ्या कामात मी एक बदल केलाय. उघडावंसं वाटलं नाही तर नको उघडू, हा तुझा नियम मी काढून टाकलाय. बेल वाजली की घरातलं माणूस उठणार आणि दार उघडणार, हातात काहीही असो. गॅलरीने लगेच कबूल केलं.

तुला न विचारता केलंय. पटत नसेल तर ये, भांडू आपण.